यंत्रांची एकवाक्यता

जुन्या काळी लग्नमांडवात मुहूर्ताची वेळ साधण्यासाठी पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडीत. बुडाशी बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी चोवीस मिनिटांत भरून बुडाली, की एक घटिका झाली असे जोशीबुवा सांगत, आणि सारी मंडळी ते निमूटपणे मान्य करीत. मांडवात घटिकापात्र एकच असे, म्हणून वादाला जागा नव्हती. वाद उत्पन्न होतो तो दोन घड्याळे आली म्हणजे. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई शहराने आपली स्वतःची वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारा तो 'मुंबई टाइम' पुढे १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच रस्त्यावरच्या दोन घड्याळांपैकी खरे कोणते, ह्या प्रश्नाला तसे उत्तर नव्हतेच. कोणाचे ऐकावयाचे एवढेच ठरविणे माणसाच्या हाती होते.

माणसांच्या व्यवहारात अशी गैरसोय सोसून घेता येते. वेळेआधी पोहोचलेला पाहुणा ओसरीवर बसून राहतो, इतकेच. यंत्रांच्या व्यवहारात ती सोसता येत नाही. एका खात्यात शेवटचे शंभर रुपये शिल्लक आहेत, त्या खात्याची एक वही मुंबईस व तिचीच नक्कल कलकत्त्यास आहे, आणि दोन्ही ठिकाणी एकाच सुमारास शंभर रुपये मागणारे दोन इसम उभे आहेत, अशी कल्पना करावी. आधी कोणी मागितले? मुंबईची वही म्हणते पहिल्याने. कलकत्त्याची म्हणते दुसऱ्याने. आणि दोन वह्यांमधला निरोप तर अजून वाटेतच आहे. दोघांनाही पैसे मिळाले तर पेढी बुडते, कोणालाच मिळाले नाहीत तर पेढीची पत बुडते. पेढ्यांचे हिशेब, विमानांचे नियंत्रण, वीजघरे, इस्पितळांतील उपकरणे आणि खिशात मावणारे दूरध्वनी ही सारी आज परस्परांशी निरोपांनी जोडलेली गणकयंत्रेच आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात हा 'आधी कोण, मागून कोण' असा प्रश्न अष्टौप्रहर उभा असतो. त्याला गणिताचे रेखीव रूप देण्याचे श्रेय मुख्यतः ज्या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जाते, त्यांचे नाव लेस्ली लॅम्पोर्ट.

लॅम्पोर्ट ह्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९४१ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. शिक्षण सारे गणिताचे. १९६० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी आणि १९७२ साली ब्रँडाइस विद्यापीठाची डॉक्टरेट. डॉक्टरेटचा प्रबंध विकलन समीकरणांवर होता. गणकयंत्राचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मधली चार वर्षे व्हर्माँटमधील मार्लबरो नावाच्या एका लहानशा कॉलेजात त्यांनी गणित शिकविले. १९७० पासून ते मॅसॅच्युसेट्स कॉम्प्युटर असोसिएट्स ह्या संस्थेत काम करू लागले. ज्या शास्त्रात पुढे त्यांना सर्वोच्च मान मिळावयाचा होता, त्या शास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

ह्या शास्त्रात त्यांचे पाऊल घट्ट रोवले गेले ते एका चुकीमुळे. १९६५ साली डायक्स्ट्रा ह्या डच पंडिताने एक कोडे मांडले होते. अनेक कामे एकाच वेळी चालू आहेत आणि त्या सर्वांना मिळून एकच साधन वापरावयाचे आहे. एका वेळी एकानेच आत जावे आणि सारेच बाहेर कायमचे ताटकळत राहू नयेत, अशी व्यवस्था लावावयाची. परंतु दारावर उभा राहून 'आता तुझी पाळी' असे सांगणारा पहारेकरी मात्र नेमावयाचा नाही. ह्या कोड्यावरचा एक लेख 'कम्युनिकेशन्स ऑफ द ए. सी. एम.' ह्या मासिकात लॅम्पोर्ट ह्यांच्या वाचनात आला. लेखातील उत्तर त्यांना उगाच किचकट वाटले. त्यांनी झटपट एक सुटसुटीत उत्तर लिहिले आणि मासिकाकडे धाडून दिले. संपादकांचे उलट उत्तर आले, आणि त्यात लॅम्पोर्ट ह्यांची चूक नेमकी दाखविली होती.

दुसरा एखादा मनुष्य खजील होऊन गप्प बसला असता. लॅम्पोर्ट ह्यांनी ह्या प्रसंगातून दोन गोष्टी घेतल्या. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांविषयी माणसाची सहजबुद्धी भरवशाची नाही, तेथे सिद्धता हवीच, ही एक. आणि हे कोडे सोडविल्यावाचून सोडावयाचे नाही, ही दुसरी. त्यातून १९७४ साली जी रीत प्रसिद्ध झाली ती पावभट्टीच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील पावाच्या दुकानात गिऱ्हाईक आत येताच क्रमांकाचा कागद घेते व आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत थांबते. लॅम्पोर्ट ह्यांच्या दुकानात क्रमांक देणारा कोणी नाही. प्रत्येक गिऱ्हाईक इतरांचे क्रमांक पाहते आणि सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवून तो स्वतःस लावून घेते. दोघांनी नेमका एकच क्रमांक घेतला, तर ज्याचे नाव यादीत आधी त्याची पाळी आधी.

रीत साधी, पण तिच्यात एक नवल दडलेले होते, आणि ते खुद्द कर्त्यालाही सिद्धता लिहू लागल्यावरच कळले. एक गिऱ्हाईक आपला क्रमांक लिहीत असतानाच दुसऱ्याने तो वाचला, आणि अर्धवट लिहिल्यामुळे वाचणाऱ्यास भलताच आकडा दिसला, तरीसुद्धा ही रीत चुकत नाही. वाचलेले खोटे असले तरी निर्णय खरा निघतो! त्यांनी हे एका जाणत्या सहकाऱ्यास फळ्यावर मांडून दाखविले. त्या गृहस्थांस सिद्धतेत चूक सापडली नाही, पण कोठेतरी चूक असलीच पाहिजे असे म्हणत ते निघून गेले. चूक नव्हती.

तरीही पावभट्टीतील सारी गिऱ्हाइके एकाच छताखाली उभी होती. दूरदूर पसरलेल्या यंत्रांचा प्रश्न पुढेच होता, आणि त्यास निमित्त झाले १९७५ सालचे एक टिपण. अमेरिकेत तेव्हा गणकयंत्रांना तारांनी जोडणारे आर्पानेट नावाचे जाळे उभे राहिले होते. एकाच माहितीच्या अनेक ठिकाणी ठेवलेल्या नकला परस्परांशी जुळत्या कशा ठेवाव्यात, ह्यावर पॉल जॉन्सन व रॉबर्ट थॉमस ह्या दोघांनी एक तोड सुचविली होती. प्रत्येक फेरफारावर वेळेचा शिक्का मारावा, आणि शिक्क्यांच्या क्रमाने फेरफार अमलात आणावेत. लॅम्पोर्ट ह्यांनी ते टिपण वाचले आणि त्यातील उणीव त्यांच्या तत्काळ ध्यानात आली. ज्या यंत्राचे घड्याळ मागे आहे, त्याने दुसऱ्याचा निरोप वाचून मग केलेला फेरफार त्या निरोपाच्याही आधीचा ठरू शकत होता. म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न मागून.

ही उणीव त्यांनाच का दिसली, ह्याचे कारण मोठे मौजेचे आहे. त्यांना आइन्स्टाइन ह्यांच्या सापेक्षतावादाचे चांगले ज्ञान होते. दोन दूरच्या घटनांपैकी आधीची कोणती, हे पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, असे १९०५ साली आइन्स्टाइन ह्यांनी दाखविले होते. सर्वांस मान्य होईल असा क्रम एकाच प्रकारच्या घटनांना असतो: ज्यांपैकी एकीकडून निघालेला प्रकाश दुसरीपर्यंत पोहोचू शकतो अशा घटनांना. लॅम्पोर्ट ह्यांनी प्रकाशाच्या जागी निरोप घातला. १९७८ सालच्या जुलैत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा सारा डोलारा ह्या एका अदलाबदलीवर उभा आहे.

त्या निबंधातील नियम शाळकरी मुलालाही समजावेत असे आहेत. एकाच यंत्रात घडलेल्या दोन गोष्टींचा क्रम ते यंत्र जाणतेच. निरोप धाडणे हे निरोप पोहोचण्याच्या आधीचे, ह्याविषयीही संशय नाही. आणि पहिली गोष्ट दुसरीच्या आधीची, दुसरी तिसरीच्या आधीची, तर पहिली तिसरीच्याही आधीची. ह्या तीन नियमांनी ज्यांचा क्रम लागत नाही त्या दोन घटनांस समकालीन म्हणावे. त्या एकाच क्षणी घडल्या असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांपैकी एकीचा परिणाम दुसरीवर होणे शक्य नव्हते, एवढाच ह्या शब्दाचा अर्थ. पत्र हाती पडण्यापूर्वी धाकट्या भावाने गावी केलेल्या खर्चाला वडील भावाच्या त्या पत्रातील कानउघाडणी लागू होत नाही, तसेच हे.

मग घड्याळाची जागा एका मोजणीने घेतली. प्रत्येक यंत्राने आपल्याकडील प्रत्येक घटनेस एकेक चढता आकडा द्यावा आणि निरोपासोबत आपला आकडा धाडावा. निरोप घेणाऱ्याचा आकडा त्याहून लहान असेल तर त्याने आपला आकडा निरोपातील आकड्याच्या पुढे सरकवावा. बरोबरी झाली तर पावभट्टीप्रमाणेच यंत्रांची नावे पाहावीत. एवढे केले की सर्व यंत्रांपाशी सर्व घटनांचा एकच क्रम तयार होतो, आणि ह्या क्रमात कारण नेहमी परिणामाच्या आधी येते. प्रत्येक यंत्राने त्याच आज्ञा त्याच क्रमाने पाळल्या, म्हणजे मुंबईची वही आणि कलकत्त्याची वही ह्यांच्यात तफावत उरत नाही.

येथे लॅम्पोर्ट ह्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. ह्या रीतीचा क्रम खऱ्या जगातील क्रमाशी विसंगत ठरण्याचा एक प्रसंग त्यांनी स्वतःच निबंधात मांडला. एकाने यंत्रावर मागणी नोंदविली आणि मग दूरध्वनीवरून दुसऱ्या गावच्या मित्रास तशीच मागणी नोंदविण्यास सांगितले. दूरध्वनीवरचे ते बोलणे यंत्रांना ठाऊक नाही. म्हणून मित्राची मागणी आधीची ठरू शकते. ह्यावर उपाय म्हणून खरीखुरी घड्याळे परस्परांशी किती जुळती ठेवता येतात, ह्याचेही गणित त्यांनी निबंधाच्या उत्तरार्धात दिले. ह्या विषयात सर्वाधिक आधार घेतल्या गेलेल्या निबंधांत ह्याची गणना होते, तरी गंमत अशी की अनेकांनी त्यातील क्रमाची व्याख्या तेवढी उचलली. सर्व यंत्रांनी मिळून एकाच कल्पित यंत्रासारखे वागावे, हा त्यातील मुख्य विचार बहुतेकांच्या नजरेतून सुटला. त्या निबंधात असे काही नाहीच, असे लोक पुढे खुद्द लेखकालाच सांगत!

ह्या रीतीला एक मर्मस्थान होते, आणि ते निबंधातच कबूल केलेले होते. एक जरी यंत्र मूक झाले तरी बाकीची सारी त्याची वाट पाहत खोळंबतात. आणि मूक होणे हा तर यंत्राचा सौम्य अपराध. बिघडलेले यंत्र खोटेही बोलते.

१९७७ साली लॅम्पोर्ट कॅलिफोर्नियातील एस. आर. आय. ह्या संशोधनसंस्थेत गेले. तेथे अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या खर्चाने विमान चालविणाऱ्या गणकयंत्राचे काम चालू होते. आकाशात यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करण्यास सवड नसते. म्हणून अनेक यंत्रांनी तोच हिशेब स्वतंत्रपणे करावा आणि बहुमताने निर्णय घ्यावा, अशी योजना होती. बिघाड पचवावयाचा तर तीन यंत्रे पुरेत, दोन चांगली यंत्रे एका बिघडलेल्या यंत्रावर मात करतील, असे कोणालाही वाटेल. ही समजूत चुकीची आहे. बिघडलेले घड्याळ वा मापक एका शेजाऱ्याला एक आकडा आणि दुसऱ्याला दुसराच आकडा सांगू शकते, आणि मग चांगल्या यंत्रांतच फूट पडते. मार्शल पीज व रॉबर्ट शोस्टॅक हे दोघे ह्या प्रश्नाशी आधीपासून झुंजत होते. तिघांचा मिळून निबंध १९८० साली प्रसिद्ध झाला.

परंतु उत्तम सिद्धांतालाही एखादी गोष्ट जोडल्यावाचून लोक तो लक्षात ठेवीत नाहीत, अशी लॅम्पोर्ट ह्यांची खात्री होती. डायक्स्ट्रा ह्यांनी एका कोड्यास जेवणाच्या पंगतीतील तत्त्ववेत्त्यांची कथा जोडली आणि ते कोडे सर्वतोमुखी झाले, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून १९८२ साली त्यांनी हाच प्रश्न वेढा घालून बसलेल्या सेनापतींच्या रूपाने पुन्हा मांडला. सेनापती आधी अल्बानियाचे होते. तो देश तेव्हा जगाशी संबंध तोडून बसलेला असल्याने कोणी रागावणार नाही, असा हिशेब होता. अल्बानियाबाहेरही अल्बानियन लोक राहतात, ह्याची जॅक गोल्डबर्ग ह्या सहकाऱ्याने आठवण करून दिली, तेव्हा ते सेनापती बायझंटाइन साम्राज्याचे झाले. ते साम्राज्य १४५३ सालीच लयास गेले असल्यामुळे तक्रार करण्यास मागे कोणी उरले नव्हते.

फितुरी म्हणजे काय हे मराठी वाचकास सांगावयास नको. एक सेनापती व त्याचे दोन सरदार मिळून तीन असामी आहेत, आणि त्यांतील एक फितूर आहे. पहिल्या सरदाराला सेनापतीचा हुकूम येतो: हल्ला करा. दुसरा सरदार त्याला कळवितो, 'मला तर माघारीचा हुकूम आहे.' आता पहिल्याने काय समजावे? सेनापती इमानी असून दुसरा सरदार खोटे बोलत असेल. किंवा सेनापतीच फितूर असून त्याने दोघांना दोन हुकूम दिले असतील. दोन्ही प्रसंगी पहिल्या सरदाराच्या कानी पडणारे शब्द अक्षरशः तेच. कितीही निरोप फिरविले तरी तीन असामींत हा पेच सुटत नाही. चौथा असामी हवा. सामान्यतः एक फितूर पचविण्यास चार, दोन पचविण्यास सात, तीन पचविण्यास दहा असामी लागतात. निरोपावर कोणालाही बनावट करता येणार नाही अशी सही असेल, तर मात्र हे बंधन सुटते. कारण दुसऱ्याच्या हुकमात फेरफार करून तो पुढे धाडणे फितुरास अशक्य होते. असल्या सहीची एक युक्ती लॅम्पोर्ट ह्यांनी पूर्वीच, व्हिटफील्ड डिफी ह्या मित्राने बर्कलीच्या एका कॉफीगृहात सहज प्रश्न टाकला असता, तेथल्या तेथे मांडून दाखविली होती. विमानासाठी काढलेला हा सिद्धांत पुढे विमानापुरता राहिला नाही. परस्परांस न ओळखणाऱ्या लोकांच्या यंत्रांवर चालणाऱ्या आभासी चलनांच्या चोपड्याही आज ह्याच प्रश्नाशी झगडत असतात.

ह्याच सुमाराच्या आणखी एका कामात एका हिंदी शास्त्रज्ञाचा वाटा आहे. केरळातील कोट्टयम येथे जन्मलेले व मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले के. मणि चंडी तेव्हा टेक्सासात ऑस्टिन येथे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे जेवण चालले असता त्यांनी लॅम्पोर्ट ह्यांना विचारले की, क्षणभरही न थांबणाऱ्या यंत्रांच्या जाळ्याची संपूर्ण स्थिती कशी टिपून घ्यावी? मद्यपान बरेच झाले असल्याने त्या रात्री दोघांनाही काही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करताना लॅम्पोर्ट ह्यांना उत्तर सापडले. ते सांगावयास गेले तो चंडी तेच उत्तर घेऊन वाट पाहत होते. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी भरलेल्या आकाशाचा फोटो एका चौकटीत मावत नाही, तो अनेकांनी तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो. हे तुकडे मागाहून जोडताना तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये आणि एकही निसटू नये, हा खरा प्रश्न. प्रत्येक यंत्राने स्वतःची स्थिती टिपताच सर्व शेजाऱ्यांना एक खुणेचा निरोप धाडावा, आणि खूण येईपर्यंत त्या वाटेने जे आले ते 'वाटेवरचे' म्हणून वेगळे टिपावे, एवढेच त्यांचे उत्तर होते. हा निबंध १९८५ सालचा.

एका गोष्टीसाठी लॅम्पोर्ट हे नाव न ऐकलेली माणसेही त्यांची ऋणी आहेत. डोनाल्ड नूथ ह्यांच्या टेक नावाच्या मुद्रणव्यवस्थेवर त्यांनी स्वतःच्या नियोजित ग्रंथासाठी काही सोयी रचल्या. त्या सोयी 'लाटेक' ह्या नावाने जगभर पसरल्या आणि गणिती निबंध आज मुख्यतः त्यांतच जुळविले जातात. तो नियोजित ग्रंथ मात्र ठरल्या रूपात कधी झालाच नाही.

१९८५ साली ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात गेले. तेथील सहकारी एक अशी व्यवस्था बांधीत होते की तिच्यातील यंत्रे केव्हाही बंद पडावीत, पुन्हा सुरू व्हावीत, निरोप हरवावेत, तरी माहितीच्या नकलांत विसंगती येऊ नये. हे अशक्य आहे, असे लॅम्पोर्ट ह्यांना वाटले. ती अशक्यता सिद्ध करावयास ते बसले. सिद्धता काही केल्या जमेना, आणि तिच्या जागी व्यवस्थेची रीतच हाती आली!

ही रीत सांगताना त्यांनी पुन्हा गोष्टीचा आश्रय केला. पॅक्सोस नावाच्या ग्रीक बेटावर पूर्वी एक सभा होती. सभासद सारे फावल्या वेळचे, व्यापारधंद्यासाठी वाटेल तेव्हा सभागृहातून उठून जाणारे. निरोप नेणारे जासूदही वेंधळे. तरी प्रत्येक सभासदाच्या न पुसणाऱ्या शाईने लिहिलेल्या वहीत कायदे मात्र तेच आणि त्याच क्रमाने उतरत. ते कसे? गाभा असा की ठराव बहुमताने व्हावा, आणि कोणत्याही दोन बहुमतांत किमान एक सभासद सामाईक असतोच. पाचांपैकी तिघांनी काल एक ठराव केला आणि आज दुसरेच तिघे जमले, तरी त्यांत कालचा एकजण असणारच. तीन आणि तीन मिळून सहा होतात, आणि सभासद तर पाचच. नव्या फेरीस आरंभ करणाऱ्याने प्रथम बहुमताकडे चौकशी करावी, आणि पूर्वी कोणी कशास मत दिल्याचे कळले, तर त्यांतील सर्वांत अलीकडच्या फेरीतील प्रस्तावच पुढे न्यावा. एकदा ठरलेले मग कधीच उलटत नाही. निर्णय ठरावीक मुदतीत लागेलच, अशी हमी मात्र ही रीत देत नाही. निरोपास कितीही विलंब होऊ शकतो अशा जगात एका यंत्राच्याही बिघाडाची शक्यता असेल तर तशी हमी कोणालाच देता येत नाही, हे फिशर, लिंच व पॅटरसन ह्यांनी १९८५ सालीच सिद्ध केले होते. पॅक्सोसच्या सभेत उशीर होईल. विसंगती होणार नाही.

१९९० साली हा निबंध त्यांनी एका मान्यवर नियतकालिकाकडे पाठविला. त्याआधी व्याख्याने देताना तर ते चित्रपटातील उत्खननशास्त्रज्ञाचा वेष करून उभे राहत. श्रोत्यांना वेष आठवला, रीत आठवली नाही. तिन्ही परीक्षकांनी निबंध बरा आहे असे सांगून ग्रीक बेटाचा मजकूर काढून टाकण्यास सुचविले. लॅम्पोर्ट ह्यांना ह्या अरसिकतेचा राग आला. त्यांनी एक अक्षरही न बदलता निबंध तसाच पडू दिला. दोष परीक्षकांच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. सेनापतींची गोष्ट प्रश्न उजळीत होती. सभेच्या गोष्टीने उत्तर झाकून टाकले होते, आणि हा भेद कर्त्याच्या लक्षात आला नाही. दरम्यान ब्रायन ओकी व बार्बरा लिस्कोव्ह ह्यांनी जवळजवळ तीच रीत स्वतंत्रपणे शोधून १९८८ सालीच प्रसिद्धही केली होती.

बटलर लॅम्पसन ह्या सहकाऱ्यास मात्र ह्या रीतीचे मोल कळले. त्यांनी ती आपल्या व्याख्यानांतून सांगावयास आरंभ केला. त्याच केंद्रातील दोघांनी ती आपल्या व्यवस्थेत प्रत्यक्ष वापरली. अखेर १९९८ सालच्या मे महिन्यात तो निबंध छापला गेला, तोही गोष्टीसह. हे हस्तलिखित संपादकीय कचेरीतील कपाटामागे नुकतेच सापडले, लेखक ग्रीक बेटांवर उत्खननात गुंतलेले असल्याने त्यांची गाठ पडू शकत नाही, अशी मल्लिनाथी कीथ मारझुलो ह्यांनी त्यास जोडली होती. तीन वर्षांनी लॅम्पोर्ट ह्यांनी तीच रीत सभा व सभासद वगळून सरळ भाषेत पुन्हा लिहिली. आज मोठमोठ्या कंपन्यांची हजारो यंत्रे ह्या रीतीने वा तिच्या भावंडांनी एकमत राखतात.

२००१ साली ते मायक्रोसॉफ्टच्या संशोधनविभागात गेले आणि २०२५ च्या आरंभी निवृत्त होईपर्यंत तेथेच होते. २०१३ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. ह्या उत्तरकाळात त्यांनी मुख्य आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा: घर बांधण्यापूर्वी जसा नकाशा काढतात, तसे यंत्रव्यवस्था बांधण्यापूर्वी तिचे वर्णन गणिताच्या भाषेत लिहून तपासावे. त्यासाठी त्यांनी टी. एल. ए. प्लस नावाची लेखनपद्धती रचली. धंद्यातील बहुतेकांना ती पढिकांची चैन वाटे. पण ॲमेझॉन कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ पासून ती वापरून पाहिली आणि २०१५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. माहिती साठविणाऱ्या त्यांच्या एका मोठ्या व्यवस्थेचा आराखडा जाणत्यांनी वाचला होता, चाचण्यांत उतरला होता, त्याची अनौपचारिक सिद्धताही लिहून झाली होती. तरी त्यात असा एक दोष निघाला की काही बिघाड आणि दुरुस्त्या विशिष्ट क्रमाने घडल्या तर लोकांची माहिती नाहीशी व्हावी. ते घडून येण्याची सर्वांत आखूड वाटसुद्धा पस्तीस पायऱ्यांची होती. पस्तीस पायऱ्या डोक्यात धरून ठेवणे कोणाही माणसास साधण्यासारखे नव्हे. मात्र तसा क्रम प्रत्यक्षात घडून येण्यास रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांना कोणाची परवानगी लागत नाही.

लॅम्पोर्ट स्वतः मात्र आपल्या पहिल्या दुकानाकडे पुनःपुन्हा वळत राहिले. २०२२ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी पावभट्टीवर आणखी एक निबंध लिहिला. ती जुनी रीत पायरीपायरीने उलगडत नेली असता तिच्यातूनच १९७८ सालची दूरदूरच्या यंत्रांची रीत कशी बाहेर पडते, हे त्यात दाखविले आहे. निबंध छापला गेला तो त्याच मासिकात, ज्याच्या संपादकांनी एकेकाळी त्यांचे पहिले उत्तर चूक दाखवून परत केले होते.